नगरच्या आजीचा नातू

प्रश्न : बोरिस कार्लोफ या भयपटांतल्या नटाचं मूळ आमच्या नगरचं, असं आमचे एक सर सांगायचे. यात तथ्य आहे का? आणि पडद्यावर इतके राक्षस येऊन गेले, तरी नाव त्याचंच का निघतं?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : सरांच्या बोलण्यात तथ्य आहे, नातं आजोळकडचं. कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७ सालचा. त्याच्या आईची आई एलायझा ही ॲना लिओनोवेन्सची सख्खी बहीण. सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाच्या मुलांना शिकवायला बँकॉकला गेलेली ती हीच ॲना. तिचा जन्म १८३१ साली अहमदनगरचा. ती मात्र वेल्सचा सांगत राहिली. कार्लोफचे वडीलही ब्रिटिश हिंदुस्थानात मीठ-महसूल खात्यात होते. घरात भारतीय रक्त आहे हे त्या काळी इंग्रज समाजात कोणी उघड करत नसे. कार्लोफनेही केलं नाही.

आता दुसरं, माझ्या जिव्हाळ्याचं. १९०९ मध्ये हा कॅनडाला गेला, फिरत्या नाटक कंपन्यांत राबला, पोटासाठी मजुरी केली. सिनेमात वर्षानुवर्षं किरकोळ कामं. १९३१ ला ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा भयपट आला, त्यात हा राक्षस झाला, तेव्हा वय चव्वेचाळीस, आणि सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह! रंगभूषाकार जॅक पियर्स रोज तासन् तास त्याचा चेहरा रंगवत असे. कार्लोफने तोंडातला दातांचा ब्रिज, म्हणजे बसवलेले खोटे दात, काढून ठेवला, त्यामुळे एक गाल खोल गेला. राक्षसाच्या चेहऱ्यावरची ती उपासमार तिथून आली.

पण रंगभूषेने माणूस घाबरतो, कळवळत नाही. छताची झडप उघडते तो प्रसंग पाहा. जन्मल्यापासून अंधारात ठेवलेला तो जीव वर बघतो, उठतो, आणि उजेड मुठीत येईल अशा आशेने दोन्ही हात उंचावतो. झडप बंद होते. मग ते हात खाली येऊन मागत राहतात. तोंडून शब्द नाही. नटाने हातांनी केलेलं इतकं मोठं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

तळ्याकाठची मुलगी फुलं पाण्यात टाकते, ती तरंगतात. फुलं संपल्यावर तो तिलाच उचलून टाकतो, तीही तरंगेल या समजुतीने. मुलीला टाकू नये, असं कार्लोफचं मत होतं. पुढे कात्री लागली ती नेमकी टाकण्याच्या क्षणाला, आणि राक्षसाने तिचं काय केलं असेल याचा प्रेक्षकांनी त्याहून भयंकर अर्थ लावला. तो तुकडा १९८० च्या दशकात परत जोडला गेला.

याच चित्रीकरणात कार्लोफची पाठ गेली आणि तिने जन्मभर छळलं. पडद्यावरच्या कलाकारांची संघटना १९३३ मध्ये उभी राहिली, तिच्या संस्थापक सभासदांत तो होता. स्टुडिओ दुखावले तर काम जाईल, हे माहीत असताना त्याने ते केलं. लोक त्याचा राक्षस आठवतात. मला हेही तितकंच मोलाचं वाटतं. शेवटच्या वर्षांत पायांना आधारपट्ट्या बांधून तो उभा राहत होता. २ फेब्रुवारी १९६९ ला इंग्लंडमध्ये गेला.

‘फ्रँकेन्स्टाइन’ पाहून झाल्यावर १९३५ चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ जरूर पाहा. त्यातला आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीचा प्रसंग घाईने पुढे ढकलू नका.