लढाऊ विमानाचं डाय-कास्ट (वितळलेला धातू साच्यात भरून केलेलं) मॉडेल जितकं जड तितकं चांगलं असतं का? पहिलं मॉडेल घेताना काय बघावं?

नाही. जड म्हणजे चांगलं नाही. मी स्वतः पहिली दोन मॉडेल्स निव्वळ वजनावर भाळून घेतली होती, हातात घेतल्यावर कसं भरीव वाटतं ना तसं, आणि आज ती दोन्ही कपाटात मागच्या रांगेत तोंड लपवून उभी आहेत.

गंमत सांगतो. माझ्याकडे १:७२ स्केलचं एफ-४ फँटम आहे. खरं विमान रिकामं असताना साधारण १३.७ टन भरतं. आता स्केलमध्ये लांबी ७२ पट कमी होते पण रुंदी आणि उंचीही तितकीच कमी होते, म्हणजे वजनाला ७२ ने तीनदा भागायचं. उत्तर येतं फक्त ३७ ग्रॅम! हा हिशोब एकदा रात्री झोप येत नव्हती म्हणून केला, मग राहवेना, उठून मॉडेल किचनमधल्या काट्यावर ठेवलं तर ४०० ग्रॅमच्या वर गेलं. खरं विमान आतून पोकळ आणि बरंचसं ॲल्युमिनियमचं, आपलं मॉडेल जस्ताचं. झॅमॅक नावाचा मिश्रधातू असतो, जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, तो ४०० अंशांच्या आतच वितळतो म्हणून पोलादी साच्यात दाबून भरायला सोपा जातो. म्हणजे धातू वापरतात तो त्यांच्या सोयीसाठी, त्याने मॉडेल जास्त खरं होत नाही. उलट धातूची कड फार पातळ काढता येत नाही, त्यामुळे पंखाची मागची धार बघा, बऱ्याचदा पट्टीसारखी जाड दिसते. ॲंटेना, नाकावरची सुई, मिसाईल वगैरे प्लॅस्टिकचं असेल तर नाक मुरडू नका, ते तसंच असायला हवं.

मग बघायचं काय, तर आकार. मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरून समोरून बघा. फँटमच्या पंखांची टोकं १२ अंशांनी वर वळलेली असतात आणि शेपटीचे आडवे पंख २३ अंशांनी खाली उतरलेले, सगळा रुबाब त्या दोन कोनांत आहे. ते चुकलं की रंग कितीही भारी असू दे, काहीतरी बिघडलंय हे लांबूनही कळतं. दुसरं म्हणजे नाक. फँटमच्या एफ-४ई या व्हर्जनला लांब नाकाखाली तोफ आहे, आधीच्या एफ-४सी आणि एफ-४डी ला आत तोफच नव्हती. काही स्वस्तातली मॉडेल्स एकाच साच्यावर रंग बदलून सगळ्या व्हर्जन म्हणून खपवली जातात, तेव्हा घ्यायच्या आधी त्या विमानाचे दोन-चार खरे फोटो शोधून शेजारी ठेवा, दहा मिनिटं लागतात.

पत्र्याच्या जोडांच्या ज्या रेघा कोरलेल्या असतात त्यावर तर मी हटकून अडतो. अर्ध्या मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर किती होईल? ३६ मिलिमीटर, म्हणजे बोट जाईल एवढी फट! अशा विमानात कोण बसेल. रेघ जेमतेम दिसावी, नुसती सावली पडल्यासारखी. तसंच पंख जिथे धडाला मिळतो तिथला सांधा, त्यात नख अडकलं तर मी ठेवून देतो. अक्षरं स्टिकरची नकोत, छापलेली हवीत, आणि भिंग असेल तर इंजिनच्या हवेच्या तोंडाजवळच्या बारीक सूचना वाचून बघा, चांगल्या छपाईत त्या चक्क वाचता येतात.

चाकं खाली की वर? बऱ्याच मॉडेल्समध्ये दोन्हीची सोय असते, पण चाकांच्या झाकणांचे ते चिमुकले तुकडे पुन्हापुन्हा काढघाल करण्यासाठी नसतात, एकदाच काय ते ठरवा आणि सोडून द्या. माझं एक झाकण असंच सैल झालं, मी शहाण्याने सुपरग्लू लावला आणि लगेच खोक्यात बंद करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कॉकपिटची काच आतून पांढरी धुरकट, पायलट दिसेना, त्या गोंदाची वाफच तशी बसते. तेव्हापासून लाकडाला वापरतात तो पांढरा गोंद, तोही टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच.

फार जुनं मॉडेल सेकंड हँड घेत असाल तर धातूला बारीक तडे किंवा फोड आलेत का बघा. जस्तात शिशाची भेसळ राहिली तर ते आतूनच कुजतं आणि त्याला इलाज नाही. रंगाखाली फुगवटा दिसला तर फुकट मिळालं तरी नको.

उन्हात ठेवू नका, धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झटका, आणि उचलताना पंखाला धरू नका, पोटाखालून उचला, तिथे मिसाईल असतील तर आधी बोटं कुठे पडणार ते बघून. आणि हो, तो साच्यासारखा आकार असलेला खोका फेकू नका. मी पहिल्या दोघांचे फेकले, नंतर सामान हलवताना दोन्ही टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो, तरी एकाची नाकावरची सुई गेलीच.