नोकरी सुटते तेव्हा पासपोर्ट कळतो

वाचकांचे प्रश्न : परदेशातली नोकरी

प्रश्न : ताई, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या कंपनीच्या जर्मनीतल्या शाखेत दोन जागा निघाल्या. एका जागेवर माझी निवड झाली, दुसरीवर आमच्याच टीममधल्या न्यूझीलंडच्या मुलीची. पद तेच, पगार तोच, ऑफर लेटरची तारीखही एकच. ती सरळ विमानात बसली, तिकडे जाऊन कागदपत्रं केली आणि आता कामावर रुजूही झाली. मी अजून व्हिसाच्या अपॉइंटमेंटची वाट बघतेय. मॅनेजर दर दोन दिवसांनी ‘काही अपडेट?’ विचारतो, जसं काही मीच ढिलाई करतेय. नवरा म्हणतो, मनाला लावून घेऊ नकोस, पासपोर्टच्या क्रमवारीत आपण खालीच आहोत, चालायचंच. पण मला ते सलतं. यात काही करता येईल का? आणि पुढेमागे तिकडचं नागरिकत्व घेऊन हा प्रश्न कायमचा मिटवून टाकावा का?
— एक वाचक, वय ३२

उत्तर : सलणारच. ‘चालायचंच’ म्हणणं सोपं असतं, विशेषतः अपॉइंटमेंटची वाट दुसरं कुणी बघत असेल तर.

माझी सगळी नोकरी माणसांना एका देशातून दुसऱ्या देशात कामाला पाठवण्यात गेली. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर नागरिकत्वाचा रकाना असायचा. पदवी, अनुभव, मुलाखतीचे शेरे हे सगळं आत, पुढच्या पानांवर. पण माणूस कधी रुजू होणार याचा अंदाज तो एक रकाना वाचून बांधता यायचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही निघायचा. तेव्हा तुम्ही ढिलाई करत नाही आहात, हे आधी स्वतःलाच नीट सांगा. मग मॅनेजरला सांगू.

जर्मनीच्या निवास नियमावलीत कलम ४१ आहे. ऑस्ट्रेलिया, इस्रायल, जपान, कॅनडा, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या देशांच्या नागरिकांना त्यानुसार व्हिसाशिवाय जर्मनीत येता येतं आणि निवास परवान्याचा अर्ज तिथंच करता येतो. परवाना हातात येईपर्यंत काम मात्र त्यांनाही करता येत नाही. तुम्हाला आधी इथून राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे लांबच्या मुक्कामाचा व्हिसा, काढावा लागतो. तुमच्या सहकारी मुलीचं काम लवकर झालं ते एवढ्यामुळेच. ब्लू कार्डसाठी, म्हणजे कुशल परदेशी माणसाला मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यासाठी, लागणारा किमान पगार आणि पदवीची अट दोघींना सारखीच आहे. परीक्षा एकच, फक्त तिला वर्गात बसून पेपर लिहिता येतो आणि तुम्हाला दाराबाहेर उभं राहून.

नवऱ्याच्या त्या क्रमवारीबद्दलही बोलायला हवं. हेन्ली वगैरे नावांनी ज्या याद्या दरवर्षी छापून येतात, त्या पर्यटकाचं माप घेतात. आधी व्हिसा न काढता किती देशांत थोड्या दिवसांसाठी जाता येतं, एवढंच त्या मोजतात. काम करायची मुभा हा पूर्ण वेगळा हिशेब आहे, आणि तो देशादेशांमधल्या करारांनी ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांसाठी अमेरिकेनं २००५पासून ई-३ नावाचा वेगळा कामाचा व्हिसा ठेवलाय, वर्षाला १०,५०० जागा. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या व्यापार करारामुळे कॅनडाचा अभियंता अमेरिकेत काम करायच्या टीएन दर्जासाठी थेट सरहद्दीवर जाऊन अर्ज करू शकतो. त्याच करारातल्या मेक्सिकोच्या अभियंत्याला मात्र वकिलातीत जाऊन व्हिसा घ्यावा लागतो. आपल्या वाट्याला एच-१बी या अमेरिकेच्या कामाच्या व्हिसाची सोडत येते, ज्यात साऱ्या जगासाठी मिळून ६५,००० जागा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळ्या २०,०००. उलट नेपाळी माणूस भारतात व्हिसाशिवाय येतो, राहतो, नोकरी करतो, कारण १९५०चा करार. क्रमवारीत नेपाळ कितवा आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणून ती यादी बघून खट्टू होऊ नका आणि उद्या भारत चार पायऱ्या वर चढला तर पेढेही वाटू नका.

आता करता काय येईल ते. एचआरला एकच प्रश्न विचारा : ‘माझ्यासाठी जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ए खालची जलद प्रक्रिया सुरू केली आहे का?’ कुशल कामगारांसाठी ही सोय २०२०पासून आहे. त्यात तुमच्या वतीनं कंपनी जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करते. त्याचं शुल्क ४११ युरो. त्या कार्यालयाची पूर्वमंजुरी निघाली की वकिलातीनं तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट द्यायची आणि पूर्ण अर्ज आल्यावर साधारण आणखी तीन आठवड्यांत निर्णय द्यायचा, असा नियम आहे. कळीची गोष्ट म्हणजे हे कंपनीनं करायचं असतं, तुम्ही एकट्यानं नाही. मी पाहिलेल्या कित्येक फायली केवळ ‘उमेदवार बघून घेईल’ या समजुतीवर पडून राहिल्या होत्या. म्हणून मॅनेजरनं पुढच्या वेळी अपडेट विचारलं की शांतपणे लिहा : ‘माझ्याकडची कागदपत्रं अमुक तारखेला पूर्ण झाली आहेत, जलद प्रक्रियेचा अर्ज कंपनीकडून कधी जाईल ते कळवावे.’ एचआरला सीसीत ठेवा. रोजची विचारपूस थांबेल.

ऑफर लेटरही पुन्हा काढून वाचा. रुजू होण्याची तारीख पक्की लिहिली असेल तर ती ‘व्हिसा मिळाल्यानंतर’ अशी बदलून घ्या, नाहीतर उशिराचं खापर तुमच्यावर फुटेल. नवऱ्यासाठी एक चांगली बातमी आहे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथं गेल्यावर कोणतीही नोकरी करता येते. ‘चालायचंच’ म्हणणाऱ्यांनी या सवलतीचा अवश्य लाभ घ्यावा.

इथपर्यंतचा फरक काही महिन्यांचा आहे. चिडचिड होते, पण तो भरून निघतो. पासपोर्टचा खरा फरक मी पाहिला तो नोकरी सुटताना.

एकदा एकाच दिवशी दोन अभियंत्यांना कामावरून कमी केल्याचं सांगायच्या बैठकीत मी होते. कंपनी एकच, टीम एकच. पहिला अमेरिकन. बातमी ऐकून त्यानं पहिला प्रश्न विचारला : भरपाई किती मिळणार? दुसरा भारतीय. त्यानं भरपाईचं नावही काढलं नाही. ‘माझी कागदोपत्री शेवटची तारीख महिनाभर पुढे ढकलता येईल का? पगार नाही दिलात तरी चालेल,’ एवढंच तो म्हणाला. तो बोलत असताना मोबाइलमध्ये आपल्या परवान्याचा फोटो उघडून मुदतीच्या तारखेवर बोट ठेवून होता. दोघंही कामात तोडीस तोड होते.

त्याला तसं का विचारावंसं वाटलं, ते समजून घ्या. जर्मनीत नोकरी गेल्यावर परवाना त्याच क्षणी रद्द होत नाही, पण दोन आठवड्यांच्या आत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते मुदत कमी करू शकतं. मग नवी नोकरीही पुन्हा ब्लू कार्डच्या पगाराच्या अटीत बसणारी हवी. अमेरिकन, न्यूझीलंडचे वगैरे लोक कागदावर याच नियमाखाली येतात, पण त्यांच्याकडे आणखी एक वाट असते. जर्मन रोजगार नियमावलीचं कलम २६ त्यांना, रोजगार खात्याच्या मंजुरीनं, पदवीशी संबंध नसलेलं कामही करू देतं. आणि काहीच जमलं नाही तर घरी जायचं, नवी ऑफर आली की पुन्हा विमानात बसायचं. आपल्या माणसाला परत यायचं तर पुन्हा व्हिसाच्या पहिल्या पायरीपासून सुरुवात. अमेरिकेत एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यात नवी कंपनी शोधा किंवा गाशा गुंडाळा.

याचा परिणाम नोकरी शाबूत असतानाही होतो. पगारवाढ मागताना जीभ अडखळते. वरिष्ठाच्या तिरकस बोलण्याकडे काणाडोळा होतो. घरी कुणी आजारी पडलं तर रजेपेक्षा परवान्याची मुदत आधी तपासली जाते. याला मी पासपोर्टची खरी किंमत म्हणते, आणि ती कोणत्याही क्रमवारीत छापलेली नसते.

म्हणून नागरिकत्वाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की इतक्या लांबची उडी आत्ताच मारू नका. तुम्हाला हवी आहे ती नोकरीवर अवलंबून नसलेली राहण्याची मुभा, आणि ती पासपोर्ट न बदलताही मिळते. जर्मनीत ब्लू कार्डवर २७ महिने काम करून पेन्शनचे हप्ते भरले की कायम निवासाचा परवाना मागता येतो. जर्मन भाषा बी-१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत आली असेल तर २१ महिन्यांतच. म्हणजे भाषेच्या वर्गाला घातलेल्या संध्याकाळी तुमचं सहा महिन्यांचं टेन्शन कमी करतात. मी तुमच्या जागी असते तर व्हिसाची वाट बघत नखं खाण्याऐवजी आजच वर्गात नाव घातलं असतं. एकदा कायम निवास मिळाला की नोकरी गेली तरी घर सोडावं लागत नाही. सलग फार काळ देशाबाहेर राहिलात तर तो परवाना जाऊ शकतो, एवढं लक्षात असू द्या.

नागरिकत्वाचा अर्ज साधारण पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर करता येतो. २७ जून २०२४पासून जर्मनी जुना पासपोर्ट सोडायला सांगत नाही. भारत सांगतो. आपल्या राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५चा नागरिकत्व कायदा स्पष्ट आहेत : दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं संपतं. त्यानंतर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, मिळू शकतं. त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे सोडायला माझी हरकत नाही आणि आग्रहही नाही. पण ‘मॅनेजरच्या अपडेटचा वैताग आला’ हे त्याचं कारण असू नये.

शिवाय काही ठिकाणी पासपोर्ट बदलूनही काम होत नाही. अमेरिकेच्या ग्रीन कार्डच्या रांगेत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त जागा येत नाहीत आणि तिथं देश मोजतात तो जन्माचा. भारतात जन्मलेला माणूस उद्या कॅनडाचा नागरिक झाला, तरी तो भारताच्याच रांगेत उभा राहतो. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या रांगेत जाता येतं. पासपोर्टच्या पुण्याईचा भाव वाढलाय, असं सांगत दुसऱ्या देशाचं नागरिकत्व विकायला येणारे सल्लागार ही गोष्ट सहसा आपणहून सांगत नाहीत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नववीपर्यंत शिकलाय, प्लंबिंगचं काम उत्तम करतो. एक एजंट त्याला आखातात पाठवायला तयार आहे. म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ. पासपोर्ट कंपनीकडे ‘सुरक्षित’ राहील असंही म्हणाला. जाऊ द्यावं का?
— एक वाचक

उत्तर : या एजंटच्या हाताखाली नाही.

तुमचा भाऊ दहावी झालेला नाही, म्हणजे त्याच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआरचा शिक्का असेल, ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे नोकरीसाठी बाहेर जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक. वरच्या पत्रात दोन देशांच्या पासपोर्टमधला फरक होता. हा एकाच देशाच्या दोन नागरिकांमधला आहे. २०१८ साली तर अशा पासपोर्टना नारिंगी कव्हर द्यायचं सरकारनं जाहीर केलं होतं. आरडाओरडा झाल्यावर त्याच जानेवारीत ते मागे घेतलं, हे बरं झालं. पण शिक्क्यामागचं काम संरक्षणाचं आहे, ते टाळू नका. ठरलेल्या १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा माणसाला १९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार सरकारची मंजुरी लागते. त्यानिमित्तानं त्याचा करार ई-मायग्रेट या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदला जातो आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचा विमा मिळतो. व्हिजिट व्हिसावर पाठवलं की हे सगळं एका फटक्यात उडतं. एजंटला तेच हवं असतं.

एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटच्या यादीत स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत.

पासपोर्टचं म्हणाल तर १९६७च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७नुसार तो भारत सरकारची मालमत्ता आहे, तेव्हा कंपनीनं तो तिजोरीत ठेवून घ्यायचा प्रश्नच येत नाही. सौदी, कतार, अमिरातीतल्या नियमांनुसारही मालकानं कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला बंदी आहे. तरीही अडकवतात. म्हणून भाऊ निघण्याआधी पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या फोनमध्ये घ्या, आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक त्याला नुसता सेव्ह करून देऊ नका, एकदा लावून बघायला सांगा. तक्रार करायची वेळ आलीच तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर ती तुम्ही घरबसल्याही नोंदवू शकता.