दर तिला सांगू द्या

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली, वय 22. आरी वर्कचा (आकड्यासारख्या सुईने करायच्या भरतकामाचा) क्लास करून दीड वर्ष घरीच ब्लाउज करते. गिऱ्हाईक पुष्कळ, पण पैसा दिसत नाही. एका ब्लाउजचे 1,200 घेते, सामानाला 350 जातात, काम तीन दिवसांचं. घरीच बसून करते, त्यामुळे दुसरा खर्च नाही. बायका ओळखीच्या, म्हणून मीच सांगतो, ‘समजून द्या काय ते.’ पैसे माझ्या फोनवर येतात. शेतात भांगलायला येणाऱ्या बाईला मी दिवसाला 400 देतो. त्यापेक्षा हिला तलाठी भरतीला बसवावं का?
– एक पालक, पलूस तालुका

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘मीच सांगतो, समजून द्या’ या वाक्यापाशी दोन्ही वेळा थांबले. काम मुलीचं, डोळे आणि पाठ मुलीची, आणि दर सांगताय तुम्ही. तोही सांगत नाही, गिऱ्हाइकावर सोडताय. पैसे तुमच्या खात्यात येतात आणि घरखर्चात मिसळतात, मग ते दिसणार कसे? धंद्यात पैसा दिसत नाही असं तुम्ही लिहिलंय. मला तर धंदाच तिच्या हातात अजून दिलेला दिसत नाही. ओळखीच्या बाईकडे पैसे मागायला तुम्हाला संकोच वाटतो, हे मी समजू शकते. पण त्या संकोचाची किंमत तुमची मुलगी भरते आहे.

‘घरीच बसून करते, दुसरा खर्च नाही’ हा समज मात्र आधी डोक्यातून काढा. 1,200 मधून सामानाचे 350 गेले, उरले 850. ते तीन दिवसांवर वाटले तर दिवसाला 283 रुपये पडतात, तुमच्या भांगलणीच्या रोजापेक्षा शंभरावर कमी. त्यातून फ्रेम, सुया, मशीनची दुरुस्ती, वीज अजून वजा केलेलीच नाही. खाका काढणं, छापणं, माप घेणं, फोनवर अर्धा तास रंग ठरवणं, ‘बाही जरा सैल कर’ म्हणून परत आलेला ब्लाउज उसवणं, हे सगळं कामच आहे. शिवाय महिन्याचे तीसही दिवस ऑर्डर नसते. म्हणून कामाच्या दिवसाला निदान 650 धरा. तीन दिवसांचे 1,950, सामानाचे 350, म्हणजे 2,300. याखाली तो ब्लाउज तिने घेऊ नये.

गिऱ्हाईक म्हणेल, शेजारच्या गावात 1,200 मध्ये होतो. तेव्हा दर उतरवायचा नाही, काम उतरवायचं. 1,200 मध्ये फक्त बाहीची किनार आणि शिलाई, पाठीवरचा मोर नाही. दोन्हींचे नमुने भिंतीला टांगा, खाली दर लिहा. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला सुई लावू नये. लग्नसराईत चार दिवसांत हवा असेल तर जास्त. बहिणीच्या मुलीच्या लग्नात फुकट द्यायचा तर जरूर द्या, पण आहेर म्हणून, आणि तुमच्या मुलीला विचारून.

काही गिऱ्हाइकं जातील. तीन ब्लाउजांऐवजी दोनच आले तरी 2,300 च्या दराने हातात 3,900 राहतात. आज तिन्हींचे मिळून 2,550 राहतात, आणि तीन दिवस जास्त जातात.

जीएसटीची काळजी आत्ताच नको, अशा कामाला वर्षाच्या 20 लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

तलाठी भरतीला पदवी लागते, ती तिच्याकडे आहे. तिची स्वतःची इच्छा असेल तर अभ्यास करू दे. पण तिला काय हवंय, याबद्दल पत्रात एकही ओळ नाही.

या आठवड्यात तिच्या खात्याचा क्यूआर कोड काढून मशीनशेजारी लावा. पुढची बाई आली की तुम्ही शेताकडे जा. आणि पत्रासोबत पाठवलेल्या फोटोतल्या त्या हिरव्या ब्लाउजवर, मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळ्या छटेत भरलाय, त्याला किती दिवस लागले ते तिलाच विचारा.