रॅम्पच्या माथ्यावर गाडीचं पोट का घासतं?

प्रश्न : आमच्या बेसमेंटचा रॅम्प 15 मीटर लांब आणि 3 मीटर खोल आहे. वर येताना माथ्यावर सेडान गाड्यांचं पोट घासतं, तेही गाडीत पाच जण असले की. मिस्त्री म्हणतो, माथ्यावर सिमेंट घालून गोलाई देतो. द्यावी का?
*(सोसायटीचे सचिव, ठाणे)*

उत्तर : माथ्यावर मुळीच नको. तिथे माल घातला तर उंचवटा आणखी वाढेल.

तुमचा उतार एकास पाच, म्हणजे 20 टक्के आहे. तो सपाटीला जिथे मिळतो तिथे एक धारदार मोड तयार झाला आहे. पुढची चाकं सपाटीवर आणि मागची अजून रॅम्पवर असताना हा मोड गाडीच्या पोटाखाली मधोमध येतो. तो किती वर येतो हे काढायला सोपं आहे: व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गुणिले दोन उतारांतला फरक, भागिले चार. 2.6 मीटर व्हीलबेस धरला तर 2.6 × 0.20 ÷ 4 = 0.13 मीटर, म्हणजे 130 मिमी. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटाची जमिनीपासूनची उंची) 165 मिमी असेल, तर पाच माणसं आणि सामान भरल्यावर ती 40 ते 50 मिमी दबते. उरतात जेमतेम 120. म्हणून एकटा चालक सहज निघून जातो आणि भरलेली गाडी घासते. मागे सीएनजीची टाकी असेल तर आणखी पंचाईत.

उपाय असा, की एका तीक्ष्ण मोडाऐवजी दोन बोथट मोड करायचे. मोडाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर, असा एकूण 3 मीटरचा मधला उतार 10 टक्क्यांचा ठेवा. पोटाखाली येणारा उंचवटा 65 मिमीवर येतो. 3 मीटर अशासाठी, की ही लांबी व्हीलबेसपेक्षा जास्त असली तर एका वेळी एकच मोड पोटाखाली राहतो.

त्यासाठी माथा 150 मिमी तासावा लागेल, आणि खरी अडचण इथेच आहे. माथ्याखाली बहुधा बीम असतो आणि त्यावरच्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगालाच असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा पाहून लेखी होकार दिल्याशिवाय तोडकामाचं ब्रेकर मशीन लावू देऊ नका. तासणं शक्य नसेल आणि रॅम्प जमिनीवर टेकलेला असेल, तर माथ्यापासून खाली 3 मीटर 10 टक्क्यांनी उतरून पुढचा सगळा रॅम्प 300 मिमी भरून उचलता येतो. रॅम्पचा पाय बेसमेंटमध्ये दीड मीटर पुढे सरकतो. स्लॅबवरच्या रॅम्पला मात्र हा भार टाकू नये.

मिस्त्रीचं काँक्रीट पायथ्याला उपयोगी आहे. तिथे गाडीचं नाक टेकतं: चाकापुढचा भाग 0.85 मीटर असेल तर 20 टक्क्यांच्या उतारावर बंपर 170 मिमी खाली येतो, त्यात ब्रेकने नाक आणखी दबतं. कोपऱ्यात 150 मिमी भराव घाला आणि दोन्हीकडे दीड मीटरपर्यंत शून्यावर आणा. पण शून्यावर आणलेली पातळ कड पहिल्याच पावसाळ्यात उखडते. म्हणून टोकांना 40 ते 50 मिमी खोल खाच कापून घ्या, जुना पृष्ठभाग टोचून खरबरीत करा, बाँडिंग कोट (जुन्या-नव्या काँक्रीटला जोडणारा लेप) लावा आणि जाळी टाकून एम-30 प्रतीचं काँक्रीट भरा. भरावाने वरच्या बीमखालची उंची घटते, तीही तपासा. पायथ्याला ही उंची फरशीपासून मोजून चालत नाही. मोडावर 2.6 मीटरची सरळ पट्टी गाडीच्या दिशेने ठेवा आणि पट्टीपासून वर मोजा, कारण गाडीचं टप त्या पट्टीच्या हिशोबाने वर जातं.

प्रश्न : नव्या प्रकल्पात 3 मीटर उतरायला 24 मीटर जागा आहे. मंजुरीत एकास आठपेक्षा तीव्र उतार चालणार नाही. मधला उतार कसा बसवू?
*(वास्तुविशारद, नाशिक)*

उत्तर : 24 मीटरमध्ये बसणार नाही. दोन्ही टोकांना 3-3 मीटर निम्म्या उताराचे ठेवले, तर उरलेल्या 18 मीटरचा उतार 14.3 टक्के, म्हणजे एकास सात होतो आणि मर्यादा मोडते. एकास आठ, म्हणजे 12.5 टक्के कायम ठेवायचे तर 27 मीटर लागतात.

पण एकास आठला माथ्यावर उंचवटा 81 मिमीच येतो. भरलेली गाडीही घासत नाही, फक्त धक्का जाणवतो. जागा खरोखर तुटपुंजी असेल तर आम्ही मधला उतार सोडू, पण फाटकाआधीची 6 मीटर सपाटी सोडणार नाही. चढताना चालकाला बॉनेट आणि आभाळच दिसतं, फुटपाथवरचं मूल दिसत नाही. गाडी सपाट झाल्यावरच त्याची नजर खाली येते.

प्रश्न : पायथ्याच्या नालीवरील जाळीवर पावसात दुचाक्या घसरतात. काय करावं?
*(वाचक, पनवेल)*

उत्तर : जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर टायर फटीत ओढला जातो. चौकटीची जाळी घ्या, फट 20 मिमीपेक्षा कमी असू द्या आणि ती बोल्टने घट्ट बसवा, फरशीच्या पातळीत. नाली नेमकी मोडावर असेल तर ती पुढे सपाटीत न्या, कारण मोडावरच सगळे ब्रेक दाबतात. रॅम्पवर माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा कापा, म्हणजे पाणी कडेला जाईल. गुळगुळीत झालेल्या चेकर्ड टाइल्स काढून टाका. आणि रस्त्याचं पाणी वरच अडवा: रॅम्पचा माथा रस्त्यापेक्षा 100 ते 150 मिमी उंच ठेवा आणि तिथे दुसरी नाली द्या.