शेजाऱ्याचं मोअर, अप्पांचा हात आणि नवं इंजिन

अमेरिकेतल्या ओहायोतून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. माहेर आणि सासर दोन्ही अहमदपूर तालुक्यातलं. सासरे, म्हणजे त्यांचे अप्पा, उन्हाळ्यात लेकाकडे राहायला गेलेत. घराभोवती एकरभर मोकळी जागा आणि सगळीकडे गवत. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी आपलं बसून चालवायचं मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, यांच्याच गॅरेजात आणून ठेवलेलं, लागेल तेव्हा वापरा म्हणून. अप्पांची हयात ट्रॅक्टर आणि विहिरीवरच्या इंजिनात गेलेली, त्यांना हे खेळणंच वाटलं. एका शनिवारी मागच्या उतारावर गवत कापता कापता निळा धूर निघाला, मग ठकठक आवाज, आणि मग एकदम बंद. शेजारी म्हणाले, “जुनंच होतं ते, मनावर घेऊ नका.” ताईंच्या मिस्टरांनी ते मनावर घेतलं नाही. अप्पांनी घेतलं, आणि तेव्हापासून ते धड जेवत नाहीत. ताई विचारतात: नवं इंजिन बसवून द्यावं, नवं मोअरच घेऊन द्यावं, की शेजारी म्हणतात तसं सोडून द्यावं?

ताई, सोडून तर देऊ नका. पण इंजिनाची ऑर्डरही आज देऊ नका.

सगळ्यात आधी अप्पांच्या हातातला पाना काढून घ्या. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की अप्पांनी वरचं झाकण खोललंय आणि आज हेड, म्हणजे सिलिंडरचं टोपण, उतरवणार आहेत. ते राहू द्या. मशीन तुमचं नाही. मालकाला न विचारता बंद पडलेल्या यंत्राचा एक बोल्ट जरी काढला, तरी पुढं जे निघेल ते तुमच्या माथी येतं. शेजारी भला माणूस असेल, पण भल्या माणसालाही आपलं मशीन परक्या गॅरेजात उघडं पडलेलं बघवत नाही. शिवाय ते फार जुनं नसेल तर वॉरंटी शिल्लक असू शकते, आणि खोललेल्या इंजिनाची वॉरंटी कुणी देत नाही. इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे आकडे ठोकलेले असतात. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं असेल तर कोडमधले पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे महिना आणि दिवसाचे. इंजिन कधी बनलं ते तिथंच कळेल. फोटो काढून ठेवा, हे आकडे पुढं पदोपदी लागणार आहेत.

मग शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्या समोर तपासा. इंजिन खरंच मेलंय का? निम्म्या वेळा मेलेलं नसतं. आधी ऑइलची कांडी काढून बघा. कांडी कोरडी असेल किंवा ऑइलमध्ये चांदीसारखी चमक दिसत असेल, तर आत धातू घासलाय आणि आशा कमी. ऑइल कांडीवर खुणेच्याही वर चढलंय आणि पेट्रोलचा वास मारतंय, तर कार्बोरेटरमधली, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकून पेट्रोल खाली उतरलंय. ते सिलिंडरात भरलं की इंजिन फिरतच नाही, अगदी धरल्यासारखं, म्हणजे जाम झाल्यासारखं वाटतं. अशा वेळी स्पार्क प्लग काढायचा, पेट्रोल बाहेर पडू द्यायचं, ऑइल बदलायचं, सुई नवी टाकायची. अर्थात हे करताना जवळपास ठिणगी नको. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, गॅप बिघडला असेल तर स्टार्टर अर्ध्यात अडकतो. बॅटरीची तार सैल असली तरी नुसतं टक्‌ वाजतं आणि माणूस इंजिनाच्या नावानं रडत बसतो.

खरी परीक्षा सोपी आहे. प्लगची वायर काढा, प्लगही काढा, आणि वरचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, हातानं फिरवून बघा. मोकळं फिरलं आणि पिस्टन पुढंमागं होताना दिसला तर जीव आहे. फ्लायव्हील फिरतंय पण पिस्टन जागचा हलत नाही, तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, तुटलाय. तसूभरही हलत नसेल आणि आत पेट्रोलही नसेल, तर इंजिन धरलंय. निळा धूर, ठोके आणि मग बंद, हा तुम्ही सांगितलेला क्रम रॉडकडे बोट दाखवतो. या यंत्रांतले रॉड बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, ऑइल तुटलं की तेच पहिले जातात. त्यात उतार. ऑइल आधीच कमी आणि गाडी तिरकी, म्हणजे उरलंसुरलं एका बाजूला जातं आणि रॉड कोरडा चालतो. उताराची मर्यादा बहुतेक कंपन्या १५ अंश सांगतात. बसून चालवायचं मोअर उतारावर वरखाली न्यायचं असतं, आडवं नाही. आडवं नेलं की उलटायची भीती. अप्पा सहीसलामत उतरले याचं आधी समाधान माना. परदेशात आलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात काय बसतं नि काय नाही हे इस्पितळाच्या दारात वाचायची वेळ येऊ नये.

आता दोष कुणाचा. आपल्याकडे सावड करून शेती करणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. ट्रॅक्टर मागून आणला तर डिझेल आपलं. आपल्या हातून मोडलं तर भरून द्यायचं. मुळातच झिजलेलं असेल तर मालकाचं. आणि कुणाचं ते कळत नसेल तर पारावर बसून निम्मं निम्मं. १८७२ चा भारतीय करार कायदाही फार वेगळं सांगत नाही. वस्तू देणाऱ्यानं त्यातला माहीत असलेला दोष सांगावा, हे कलम १५०. घेणाऱ्यानं शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यावी, हे कलम १५१. ओहायोत हा कायदा चालत नाही. तिकडची जुनी रीत तर फुकट वापरायला नेणाऱ्याकडून जास्तच काळजी मागते. मोअर दर शनिवारी तुमच्या आवारात चालत होतं, तर ऑइलची कांडी काढून बघणं तुमच्याकडे लागत होतं. शेजाऱ्यांनी ऑइल कधी बदललं होतं, हाही प्रश्न आहेच, पण तो तुम्ही तोंडानं काढायचा नाही. ते काढतील तर काढू द्या.

माझ्या मते तुम्ही सगळा खर्च देऊ करावा आणि त्यांनी अर्धाच घेतला तर तेवढ्यावर मानावं.

अप्पांचं म्हणणं वेगळं आहे, आणि तेही ऐकण्यासारखं आहे. “काहून टाकायलाव सगळं इंजन? लायनर-पिस्टन बदला, क्रँक घासून घ्या, झालं की!” विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन असंच पिढ्यान्‌पिढ्या चालतं. ते दीड हजार आरपीएमवर शांतपणे ठुकठुक करतं, ओतीव लोखंडाचं असतं, आणि लातूरला इंजिन वर्कशॉपवाल्यांच्या ओळीत नेऊन टाकलं की रिबोअर होऊन, म्हणजे सिलिंडर आतून घासून नवा होऊन, परत येतं. मोअरचं पेट्रोल इंजिन छत्तीसशेच्या आसपास पळतं. स्वस्तातल्या इंजिनांत तर सिलिंडरला लोखंडी लायनरही, म्हणजे आतलं अस्तरही, नसतो, पिस्टन थेट ॲल्युमिनियमवर घासतो. तो ओरखडला की रिबोअरचा खर्च निघत नाही. महागाच्या इंजिनात लोखंडी लायनर असतो, तिथं अप्पांचा मुद्दा खरा ठरू शकतो. पण तिकडं मेकॅनिक तासावर पैसे घेतो आणि तो तास इथल्या मजुरीत मोजवत नाही. इंजिन खोलून, घासून, जुळवून बसवेपर्यंत मजुरीच नव्या इंजिनाला गाठते. म्हणून तिकडं आख्खं इंजिन बदलतात. अप्पांना हे माझं म्हणून वाचून दाखवा, लेकाचं म्हणून नको.

मग नवं इंजिन की नवं मोअर? इंजिनाकडे बघून हे ठरत नाही, बाकीचं बघा. पाती असलेला खालचा पत्रा, ज्याला तिकडे डेक म्हणतात, गंजून भोकं पडलाय का? चढावर गाडी दम सोडते का, म्हणजे गिअरचा डबा थकलाय का? एक सिलिंडरचं नवं इंजिन साधारण सातशे ते हजार-बाराशे डॉलरला जातं. साधं नवं राइडिंग मोअर दोन हजारांच्या पुढं. डेक नि गिअर धड असतील तर इंजिन बसवावं. डेक कुजलेला असेल तर त्यावर हजार डॉलरचं इंजिन चढवू नका. त्यापेक्षा शेजाऱ्यांना बरोबर घेऊन चांगल्या स्थितीतलं जुनं मोअर बघा. डेक सडल्यामुळे विकायला काढलेल्या मोअरचं इंजिन मिळालं तर तेही चालेल, फक्त विकत घेण्याआधी चालू करून ऐकायचं. कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी मात्र आधी दुकानदाराला विचारावं. तिथं २०२४ पासून अशा लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या उत्पादनावर बंधनं आलीत.

इंजिन मागवताना हॉर्सपॉवर जुळली म्हणजे झालं असं समजू नका. अप्पांच्या ओळखीच्या इंजिनाचा शाफ्ट आडवा निघतो, मोअरचा खाली उभा निघतो. तो उभाच हवा. त्याची जाडी, बहुतेक एक इंच, आणि लांबीही जुन्यासारखीच हवी. लांबी इंचभर चुकली तर पुली पट्ट्याच्या रेषेत येत नाही आणि पट्टा रोज उतरतो. सायलेन्सर कोणत्या बाजूनं निघतो, बॅटरी चार्ज करणाऱ्या वायरीचा प्लग तसाच आहे का, बॉनेट बसेल इतकीच उंची आहे का, हेही बघून घ्या. म्हणून म्हटलं, ते मॉडेल-टाइपचे आकडे दुकानदाराला द्या आणि जुळवणं त्याच्यावर सोडा.

बसवायचं काम अप्पा आणि शेजारी मिळून करू शकतात, आणि खरं सांगायचं तर त्यांनीच करावं. दोघांनाही भाषेची गरज पडणार नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची. टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायचं. प्रत्येक वायर सोडण्याआधी मोबाईलवर फोटो, हे काम नातवाला द्या. डेक खालून ओढून बाजूला काढायचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोअरखाली कुणी शिरायचं नाही, खाली भक्कम ठोकळे लावायचे. इंजिन सहसा चार बोल्टांवर बसलेलं असतं, ते निघतात. नडते ती पुली. शाफ्टच्या टोकाला एक मोठा बोल्ट, आणि पुली वर्षानुवर्षं ओल्या गवतात राहून शाफ्टला गंजून चिकटलेली. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. इम्पॅक्ट गन मिळाली तर उत्तम. हातोडा मारायचा मोह अप्पांना होणार. पुलीची कड वाकली की पट्टा कधीच सरळ धावत नाही, तेव्हा पुली ओढून काढायचा पुलर आणा, दुकानात उसना मिळतो. पुली आणि शाफ्टच्या मध्ये बसणारी चौकोनी चावी जपून ठेवा. नव्या शाफ्टवर पुली चढवताना गंजून चिकटू न देणाऱ्या अँटीसीझ ग्रीसचं बोट फिरवा, पुढच्या माणसाचे हाल वाचतील. इंजिनाचं वजन तीस-पस्तीस किलोच्या घरात असतं, दोघांनी उचलायचं.

आणि ऑइल. नवी इंजिनं बहुधा रिकामी येतात. डब्यावर ठळक लिहिलेलं असतं, तरी उत्साहात चावी फिरवून नव्याकोऱ्या इंजिनाचं मढं करणारे लोक आहेत. पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल कांडीच्या खुणेपर्यंत भरा, थोडं चालवा, बंद करा, परत बघा. पहिलं ऑइल लवकर बदलतात, पुष्कळ कंपन्या पाच तासांनी सांगतात. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगला हात लावू नका.

पावती आणि वॉरंटीची नोंदणी शेजाऱ्यांच्या नावावर करा. पैसे कुणीही भरले तरी मशीन त्यांचं आहे.

आता त्यांच्याशी बोलायचं कसं. ‘मनावर घेऊ नका’ हे तिकडं लोक सवयीनं म्हणतात, त्याचा अर्थ प्रत्येक वेळी ‘विषय संपला’ असा नसतो. कधी तो खरा असतो, कधी संकोच असतो. हे ओळखायचं तर मोघम विचारू नका. ‘काही द्यावं का?’ म्हटलं की कुणीही नको म्हणेल. आकडे घेऊन जा: हे इंजिन, ही किंमत, आम्ही आणतो आणि बसवतो, किंवा तुमच्या ओळखीच्या दुकानात नेतो, तुम्हाला कसं बरं पडेल? दुसऱ्यांदाही ठाम नाही आलं तर थांबा. हातात पाकीट कोंबू नका, आपल्याकडच्या लग्नातल्या आहेरासारखी ओढाताण तिथं अपमान वाटते. अशा वेळी आपलं स्वतःचं मोअर घ्या आणि त्यांचंही गवत कापून द्या. मिस्टरांना हे सांगणं तुमच्यापेक्षा अप्पांना सोपं जाईल.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की अप्पांनी गावी मोठ्या लेकाला फोन करून घरातलं सोयाबीन विकून पैसे पाठवायला सांगितलंय. डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा धरला तरी हजार डॉलरला पंच्याऐंशी हजार लागतात. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे सोळा क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव हातात पडला तर. मोंढ्यात तो पडतोच असं नाही. भाऊजींना आजच फोन करून थांबवा. इंजिनाचे पैसे तुमचे मिस्टर भरतील. अप्पांना ऑइल, प्लग आणि पट्टा घेऊ द्या, त्यांच्या खिशातल्या डॉलरांतून.