पुठ्ठ्याचे घन, सूची (पिरॅमिड), शंकू करून डिझाइन शिकता येतं का? आणि माझा घन नीट का जुळत नाही?

येतं. पण घन न जुळण्याचं कारण बहुतेक तुमचा हात नाही, पुठ्ठ्याची जाडी आहे. १० सेंमीचा घन म्हणून १०×१० चे सहा चौरस कापलेत ना? पुठ्ठा २ मिमी असेल तर वरचा-खालचा तुकडा १०×१०, दोन भिंती १०×९.६ आणि उरलेल्या दोन ९.६×९.६ हव्यात. जाडी वजा करायची ही सवय एकदा लागली की पुढे प्लायवूडचं कपाट काढतानाही तोच हिशेब.

सूचीत दुसरी गंमत. पाया १० आणि उंची १२ हवी, म्हणून त्रिकोणही १२ उंचीचे कापले तर सूची जेमतेम १०.९ भरते. बाजू आत कलते, म्हणून त्रिकोण १३ चा लागतो. पायथागोरस शाळेत पाठ केला होता, पण मला तो कळला दोन पुठ्ठे वाया गेल्यावर!

शंकू मात्र सरळ आहे: त्रिज्या ६, तिरकस उंची १० असेल तर १० त्रिज्येच्या वर्तुळातून २१६ अंशांचा तुकडा कापा आणि गुंडाळा. त्यासाठी पातळ कार्डशीट घ्या, खोक्याचा पुठ्ठा नको. तो पन्हळींच्या दिशेनेच नीट दुमडतो, आडवा मोडतो.

घडीच्या रेषेवर कटर अर्ध्या जाडीपर्यंतच फिरवा, घडी कापाच्या उलट्या बाजूला घाला. पट्टी स्टीलचीच. प्लॅस्टिकची पट्टी कटर खातं, मग बोट.