वाचकांचे प्रश्न : कंबोडियाची पुसलेली गाणी

मागच्या अंकात आम्ही जॉन पिरोझी यांच्या ‘डोन्ट थिंक आय हॅव फरगॉटन’ (२०१४) या माहितीपटाबद्दल लिहिले होते. साठ-सत्तरच्या दशकांत कंबोडियात रॉक आणि पॉप कसे बहरले आणि ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेने सत्ता हाती घेताच ते गाणाऱ्यांचे काय झाले, हा त्याचा विषय. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना उत्तरे.

आमच्या चित्रपट मंडळात हा माहितीपट दाखवायचा आहे. सदस्यांना कंबोडियाचा इतिहास ठाऊक नाही. आधी किती सांगावे? (सांगली)

पाच तारखा सांगा, त्या पाच मिनिटांत होतात. ९ नोव्हेंबर १९५३ : फ्रान्सपासून स्वातंत्र्य. १८ मार्च १९७० : राष्ट्रप्रमुख राजपुत्र सिहानूक परदेशात असताना पंतप्रधान जनरल लॉन नोल यांचा सत्तापालट. ऑगस्ट १९७३ : कंबोडियावरची अमेरिकेची बॉम्बफेक थांबली. १७ एप्रिल १९७५ : ख्मेर रूज नॉम पेन्हमध्ये शिरले आणि सुमारे वीस लाखांचे शहर काही दिवसांत रिकामे केले. ७ जानेवारी १९७९ : व्हिएतनामी फौजांनी राजधानी घेतली. शेवटच्या दोन तारखांमधल्या काळाला तिथले लोक आजही ‘तीन वर्षे, आठ महिने, वीस दिवस’ असेच म्हणतात. जेमतेम ७८ लाखांच्या देशात या काळात १५ ते २० लाख माणसे भूक, आजार, अतिश्रम आणि हत्या यांनी गेली.

सिहानूक स्वतः गाणी रचत आणि चित्रपट काढत, हेही जरूर सांगा. सरकारी रेडिओ आणि दरबार यांच्या आश्रयाने तिथले संगीत वाढले. म्हणूनच राजवट बदलली की गायकांच्या पायाखालची जमीन का सरकते, ते मग वेगळे समजावावे लागत नाही.

लोकप्रिय गायक सिन सिसामूथला गोळी घालण्याआधी त्याने एक गाणे म्हणू द्या अशी विनंती केली, असे वाचले. माहितीपटात हा प्रसंग का नाही? (ठाणे)

त्याला पुरावा नाही म्हणून. सिसामूथ १९७६च्या सुमारास नाहीसा झाला. कुठे आणि कसा, याच्या अनेक कहाण्या आहेत आणि एकीलाही भक्कम आधार सापडलेला नाही. रोस सेरेसोथिया आणि पेन रान या गायिकांचेही तेच. ही दंतकथा पडद्यावर फार शोभली असती. तिचा मोह टाळला हा आम्हाला या माहितीपटाचा मोठा गुण वाटतो. नटांकडून प्रसंग वठवून घेतले की प्रेक्षक तेच खरे मानून घरी जातो.

गायक ओळखले कसे जात नव्हते? इतके लोकप्रिय असून काही जण वाचले कसे? (नाशिक)

लोक आवाज ओळखत होते, चेहरा तितका नाही. रेडिओ घरोघरी होता, दूरचित्रवाणी फार थोड्यांकडे. सिएंग वान्थी या गायिकेने आपण केळी विकतो असे सांगितले आणि ती वाचली. शहरातून हाकललेल्यांना ‘नवे लोक’ म्हणत आणि त्यांच्याकडून पूर्वायुष्य वदवून घेत. शिक्षण, नोकरी, परभाषा यांपैकी काहीही जिवावर बेतू शकत होते. मात्र ख्मेर रूजने संगीत सरसकट बंद केले हा समज चुकीचा आहे. ध्वनिक्षेपकांवर गाणी वाजतच होती, फक्त ती क्रांतीची आणि राबण्याची.

माहितीपटातले गाणे आणि इंटरनेटवरचे तेच गाणे वेगळे ऐकू येते. एकात ढोल जास्त, एकात आवाज चिरका. खरे कोणते? (पुणे)

बहुतेक वेळा दोन्ही नकलाच. मास्टर फिती, म्हणजे स्टुडिओतल्या मूळ ध्वनिमुद्रणाच्या फिती, जवळजवळ नाहीशा झाल्या. उरल्या त्या लोकांनी लपवलेल्या किंवा परदेशी नेलेल्या तबकड्या आणि त्यांवरून उतरवलेल्या कॅसेटी. पुढे निर्वासितांच्या वस्त्यांत त्या कॅसेटी विकताना खरखर झाकायला आणि नाचायला सोयीचे व्हावे म्हणून काहींनी वरून ड्रम मशीन, कीबोर्ड आणि प्रतिध्वनी चढवले.

ओळखायचे असे : हेडफोन लावा. मूळ गाणे बहुधा मोनो, म्हणजे सगळे डोक्याच्या मधोमध ऐकू येते. आवाज मध्ये आणि ढोल मात्र डावी-उजवीकडे पसरलेला असेल, तर तो नंतरचा. दुसरी खूण ठोक्यांची. यंत्राचा प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा असतो, आणि माणसाने धरलेली लय किंचित हलली की दोघांची फारकत होते.

चिरकेपणाचे कारण बहुधा वेग. कॅसेट उतरवताना वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर साधारण अर्धा स्वर चढतो आणि तीन मिनिटांचे गाणे दहा सेकंदांनी आखडते. मात्र ‘४४० हर्ट्‌झला (आजच्या प्रमाण पट्टीला) लावून घ्या’ हा सल्ला अंधपणे पाळू नका. त्या काळच्या गिटारी त्याच पट्टीत लावलेल्या असतीलच असे नाही. तीन-चार प्रती शेजारी ठेवून ऐकणे जास्त भरवशाचे. शिवाय संकलनांवर गायकांची नावे सर्रास चुकलेली असतात. १९९६च्या ‘कंबोडियन रॉक्स’वर तर सुरुवातीला गाण्यांची आणि गायकांची नावेच नव्हती.

मराठी उपशीर्षके आम्ही तयार केली, पण ‘कि’ची वेलांटी अक्षरानंतर उमटते, कधी चौकोन दिसतात. (कोल्हापूर)

चौकोन दिसतात ते फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात साठवली नसल्याने किंवा प्लेअरला देवनागरी फॉन्ट न मिळाल्याने. वेलांटी सरकते ती प्लेअरला मात्रा आणि जोडाक्षरे जुळवता येत नसल्याने. तिथे फाइल सुधारून उपयोग नाही, प्लेअर बदला. एका वेळी दोनच ओळी, ओळीत ४० अक्षरांच्या आत. गाण्यांच्या ओळी तिरप्या ठशात नकोत, देवनागरी तिरपी वाचवत नाही. ज्या लॅपटॉपवर आणि प्रोजेक्टरवर खेळ करणार त्यावरच दहा मिनिटे चालवून बघा. जुने चित्रण चौकोनी आहे. रुंद पडद्यावर ताणू नका, चेहरे फुगतात. आणि घरच्या स्ट्रीमिंग खात्यावरून सभागृहात दाखवणे हा सार्वजनिक खेळ ठरतो, त्यासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी हवी.

यानंतर काय पाहावे? (रत्नागिरी)

रिती पान यांचा ‘द मिसिंग पिक्चर’ (२०१३). त्यात मातीच्या बाहुल्या आहेत, कारण सामान्य माणसांनी जे भोगले त्याची चित्रे जवळजवळ नाहीत, उरले ते मुख्यतः ख्मेर रूजचे प्रचारपट. मग दावी शू यांचा ‘गोल्डन स्लंबर्स’ (२०११), तिथल्या हरवलेल्या चित्रपटांवरचा.